पैसा आला आणि देव्हारा बदलला. तुमच्या घरीही असंच झालं का?

घागर

बरेच दिवस मनात घोळतंय. घरातलीच गोष्ट, म्हणून कुणाला बोलून दाखवली नाही. पण इथं कोल्हापूरची बरीच मंडळी आहेत, म्हणून धागा काढते.

लग्न होऊन मी मंगळवार पेठेत आले तेव्हा घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकाच्या कट्ट्याशेजारी लाकडी देव्हारा आणि त्यात चांदीचे पाच टाक, म्हणजे देवाचा ठसा असलेले छोटे पत्रे: जोतिबा, अंबाबाई, खंडोबा, भैरोबा आणि घराण्यातला एक वीर. सासूबाई सणावाराला ते चिंचेनं घासायच्या. पिढ्यान्‌पिढ्या घासून जोतिबाच्या घोड्याचे पाय गेले होते, अंबाबाईचं तोंड सपाट झालं होतं. नव्या माणसाला कोण कुठला ते कळायचं नाही. सासूबाई अंगठा फिरवून सांगायच्या, हा जोतिबा, ही आई, हा वीर.

आषाढात टेंबलाईची जत्रा. पंचगंगेला नवीन पाणी आलं की गल्लीतल्या बायका घागरी घेऊन निघायच्या, पुढं पी-ढबाक वाजत. ते पाणी टेंबलाईच्या पायरीवर ओतायचं आणि मग गल्लीत बकरं. वर्गणी ज्याच्या त्याच्या ऐपतीनं, पण पंगतीत सगळे एका ओळीत.

आमच्या ह्यांचं इलेक्ट्रिकचं कॉन्ट्रॅक्ट वाढत गेलं. बारा वर्षांपूर्वी नागाळा पार्कात फ्लॅट घेतला. इंटिरियरवाल्यानं पांढऱ्या मार्बलचं देवघर करून दिलं, मागून लाईट. वास्तू बघायला आलेले गृहस्थ म्हणाले, झिजलेले टाक पूजेत ठेवू नयेत. आम्ही पितळेची नवी लक्ष्मी आणली, बालाजीची तसबीर आणली. टाक लाल कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातले आणि डबा माळ्यावर ठेवला. मीच ठेवला, कुणी जबरदस्ती केली नाही. सासूबाई तेव्हा थोरल्या दिरांकडं पेठेतच होत्या. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं राहायला आल्या तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, "देव कुठं ठेवलास गं?" मी देवघराकडं बोट दाखवलं. त्यांनी बघितलं, हात जोडले आणि परत तेच विचारलं.

आषाढात थोरल्या जाऊबाई जत्रेचा डबा पाठवतात. तो मी खिडक्या लावून, एक्झॉस्ट चालू करून गरम करते, कारण खालीवर सगळं शाकाहारी. बाराव्या वर्षीही तसंच करते.

आमची श्रद्धा कमी झालेली नाही. खर्च म्हणाल तर दहापट झाला असेल, दरवर्षी सत्यनारायण, दोन वर्षांतून एकदा तिरुपती. पण मागणं बदललंय, हे मला आतून जाणवतं. पेठेत असताना मागायचे ते पोराचा ताप उतरू दे, अडकलेलं बिल निघू दे. आता मागते ते आहे ते टिकू दे, नजर लागू नको. आणि पूर्वी मागायला गल्ली बरोबर असायची, आता मी एकटी असते. हे पैशामुळं झालं की माझ्यामुळं?

आडसाली

ताई, मनापासून लिहिलंसा. पण "गरीब असताना खरी भक्ती, पैसा आल्यावर वरवरची" असा निकाल कुणी लावू नये म्हणून लिहितो.

मी शिरोळ तालुक्यातला. आडसाली लावण केली की ऊस तुटायला दीड वर्ष. तेवढ्या दिवसांत पाऊस, हुमणी, तोडीची पाळी, कारखान्याचा दर, यातलं एकही आमच्या हातात नाही. म्हणून सरी सोडताना नारळ, पहिल्या टोळीला नारळ. आता कारखान्याकडं बघा. बॉयलर पेटवायला पूजा, गव्हाणीत मोळी टाकायला पूजा, आणि तिथं हात जोडणारे काय गरीब नसतात. ज्याचं पुढचं साल दुसऱ्याच्या हातात, तो हात जोडतो. मग तो दीड एकरवाला असू दे न्हाईतर चेअरमन.

फरक कुठं पडतो ते सांगतो. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं, पादुकांवरनं वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो. त्या पाण्यात अंघोळ म्हणजे मोठं पुण्य. लांबलांबनं गाड्या येतात. मीही लहानपणापासनं करत आलोय. पण त्या दाराशी उभा असताना माझं अर्धं ध्यान नदीकाठच्या मळीच्या रानाकडं असतं. पाणी अजून चार फूट चढलं तर माझ्या उसाच्या सुरळीत शिरणार. २०१९ ला शिरलं. नऊ दिवस ऊस पाण्याखाली होता, डोळे कुजले, हातात चिपाडं राहिली. शेजारी पुण्याचं एक कुटुंब हात जोडून म्हणत होतं, आमचं भाग्य म्हणून हे दर्शन घडलं. ते खोटं बोलत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं.

एकच नदी, एकच देव. रान कुठं आहे त्यावर मागणं ठरतं, एवढंच मला म्हणायचं.

लाल_माती

आडसाली, काटा आला अंगावर.

विद्यानगर

मी समाजशास्त्राचा विद्यार्थी आहे. आडसाली यांनी जे सांगितलं त्याला आमच्या विषयात एक फार जुनं उदाहरण आहे. ब्रोनिस्लाव मालिनोव्हस्की हा अभ्यासक पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. तिथले लोक खाडीच्या शांत पाण्यात मासे धरताना कसलाच विधी करायचे नाहीत, कौशल्यावर भागायचं. खोल समुद्रात जाताना मात्र मंत्रतंत्र भरपूर. माणसं तीच, बुद्धी तीच. धोका वाढला की विधी वाढतो, असं त्याचं निरीक्षण.

पिपा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट यांनी २००४ साली देशादेशांची तुलना करून याच्याच जवळचं म्हणणं मांडलं. जिथं माणूस लहानपणापासून पोट, औषधपाणी, म्हातारपण यांबाबत निर्धास्त असतो तिथं धर्माचं रोजच्या जगण्यातलं वजन उतरत जातं. अमेरिका श्रीमंत असूनही धार्मिक का, याचं त्यांचं एक उत्तर असं की तिथं विषमता जास्त आहे आणि पडणाऱ्याला धरणारी सरकारी जाळी विरळ आहे. म्हणजे खिशात किती आहे यापेक्षा ते उद्या जाईल याची भीती किती, हा प्रश्न.

पण घागरताईंचा प्रश्न वेगळा आहे. त्यांची भक्ती कमी झाली नाही, तिनं घर बदललं. त्याला म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरण हा शब्द दिला. कूर्गच्या अभ्यासातून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवलं की एखादी जात किंवा घराणं वर सरकू लागलं की वरच्यांच्या चालीरीती उचलतं. मांसाचा नैवेद्य सुटतो, गावदेव मागं पडतात, पुराणातले मोठे देव घरात येतात. तुमचे टाक माळ्यावर गेले आणि बालाजी भिंतीवर आला, ते याच वाटेनं.

मॅक्स वेबर या जर्मन अभ्यासकाचं एक म्हणणं मला फार पटतं. सुस्थितीतल्या माणसाला नुसतं सुख पुरत नाही, त्या सुखावर आपला हक्क आहे हेही त्याला कुणीतरी सांगावं लागतं. खाली असलेल्याला धर्म सांगतो की तुझं दुःख संपेल. वर असलेल्याला सांगतो की तुझं आहे ते योग्यच आहे. "नजर लागू नको" हे मागणं मी त्या उजेडात वाचलं.

मेल्टशॉप

विद्यानगर, तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून लिहितोय.

माझी शिरोलीला फौंड्री आहे. माझे वडील दुसऱ्याच्या फौंड्रीत मोल्डर होते. आयुष्यभर वाळूत बसून साचे केले, शेवटी छाती गेली. आज माझ्याकडं साठ माणसं आहेत. दर महिन्याच्या सात तारखेला त्यांचा पगार व्हावाच लागतो, गिऱ्हाइकाचं पेमेंट आलेलं असो वा नसो. एकाच भट्टीच्या रसातनं दहा कास्टिंग चांगले निघतात आणि अकराव्यात ब्लो होल, म्हणजे आत हवेची पोकळी. वाळू तीच, ओतणारा तोच. मी इंजिनिअर आहे, कारण शोधतो, बऱ्याच वेळा सापडतंही. नाही सापडलं की लॉट परत येतो आणि ते नुकसान माझं. रोज पहिला रस काढायच्या आधी पॅनेलसमोर उदबत्ती लावतो. खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा करतो. बिहार-ओडिशाची पोरं कामाला आल्यापासून १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजाही होते. ती त्यांनी सुरू केली, आता मीही उपास धरतो. मला माझ्या सुखावर हक्क सांगायला देव लागत नाही. उद्याची तारीख निभावायला लागतो.

आता देणगीच्या पाटीबद्दल. गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराला मी मोठी रक्कम दिली आणि संगमरवरावर नाव घालायला लावलं. लोक म्हणाले, पैसा बोलतोय. त्या पाटीवर माझं नाव नाही. वडिलांचं आहे. वडील हयात असताना त्या मंदिराच्या कमिटीत त्यांना कधी कुणी विचारलं नाही. जत्रेच्या मीटिंगला ते दाराशी उभे राहायचे, बसा म्हणून कुणी म्हणायचं नाही, कारण वर्गणीच्या वहीत त्यांचा आकडा शेवटचा. मी शाळेत होतो, त्यांच्या शेजारी उभा असायचो. आता त्याच दाराच्या उजव्या बाजूला, आत शिरताना दिसेल अशी पाटी आहे. याला दिखावा म्हणायचं तर म्हणा. माझ्या दृष्टीनं ते श्राद्ध आहे.

विद्यानगर

मेल्टशॉप, माफ करा. मी वाक्य सरसकट लिहिलं. तुमची पाटी त्या चौकटीत बसत नाही. वेबरनंही वरच्या वर्गाबद्दल लिहिलं होतं, वर येत असलेल्या माणसाच्या जुन्या अपमानाबद्दल नाही.

जुना_दप्तरी

इथं सगळे धरून चाललेत की पैसा आला की धर्मातला मान आपोआप येतो. आपल्याच गावचा इतिहास उलटं सांगतो.

१८९९ चा कार्तिक. शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेलेत. संस्थान त्यांचं, खजिना त्यांचा, राजोपाध्यांना इनामं त्यांच्याच घराण्यानं दिलेली. आणि स्नानाच्या वेळी भटजी वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणतात. कारण विचारल्यावर उत्तर मिळतं की शूद्रांना वेदोक्ताचा अधिकार नाही. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. पुढं राजोपाध्यांची इनामं जप्त झाली, प्रकरण वर इंग्रज सरकारपर्यंत गेलं, टिळकांसारख्या माणसानंही महाराजांच्या बाजूनं कौल दिला नाही. सगळ्यात श्रीमंत माणसाला जातीनं अडवलं. तेव्हा वर्ग आणि वर्ण यांची गल्लत करू नका, दोन्ही वेगवेगळे धागे आहेत आणि आपल्याकडं ते एकमेकांत पिळलेले आहेत.

त्यानंतर कोल्हापुरात जे घडलं त्यात घागरताईंच्या देव्हाऱ्याचं मूळ आहे असं मला वाटतं. १९०१ पासून बोर्डिंगं निघाली, १९०२ साली निम्म्या सरकारी जागा मागासलेल्यांसाठी राखल्या गेल्या. शेतकऱ्याची, बलुतेदाराची पोरं शिकली, पगारावर आली. या नव्या वर्गापुढं दोन वाटा होत्या. एक सत्यशोधकांची: १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज स्थापन झाला, भटजीवाचून लग्नं लागू लागली. दलालाशिवाय देव. दुसरी वाट वेदोक्ताची: विधी तेच, पण मान आम्हालाही हवा. महाराजांनी दोन्हींना हात दिला. १९२० साली ब्राह्मणेतर पुरोहित तयार करणारी वैदिक शाळा काढली आणि क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे मराठ्यांच्या स्वतःच्या धर्मगुरूंचं, पीठही उभं केलं.

शंभर वर्षांनी बघितलं तर पहिली वाट गवतात गेली. माझ्या आजोबांचं लग्न सत्यशोधक पद्धतीनं झालं, माझं भटजींनी लावलं, नातवाचं तीन भटजी आणि ड्रोन लावून झालं. आजोबा चार एकराचे धनी होते, नातू बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. पैसा वाढला तसे आम्ही आजोबांच्याही मागं, जुन्या वाटेला गेलो. याची मला खंत आहे आणि ती मी लपवत नाही.

निळी_शाई

दप्तरीकाका, तुम्ही दोन वाटा सांगितल्या. तिसरी राहिली.

मार्च १९२० मध्ये आपल्याच कागल जहागिरीतल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष, शाहू महाराज स्वतः हजर. माझे पणजोबा तिथं होते असं घरात सांगतात. १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर आमच्या आळीतल्या घरांनी देव नदीत सोडले. टाक, परडी, घोंगडीचा खंडोबा, सगळं. आजोबांकडं तेव्हा गुंठाभर जमीन नव्हती, दुसऱ्याच्या रानात राबायचे. तुमच्या सगळ्या अभ्यासकांचं म्हणणं की गरीब आणि असुरक्षित माणूस देवाला जास्त धरून राहतो. आमच्या आजोबांपेक्षा असुरक्षित कोण होतं? त्यांनी सोडला. आणि ज्यांच्या रानात ते राबायचे त्या वाड्यात आजही घट बसतात.

ते का सोडू शकले, याचा मी पुष्कळ विचार केलाय. त्या देवाच्या दारात उभं राहायची जागाच नव्हती, म्हणून सोडताना जड गेलं नसावं, असं कुणी म्हणेल. तसं नाही. आजीला फार जड गेलं. तिनं यल्लम्माची परडी पीठाच्या डेऱ्यामागं तीन वर्षं लपवून ठेवली होती. आजोबांना माहीत होतं, ते काही बोलले नाहीत. शेवटी तिनंच एक दिवस ती भाकऱ्या ठेवायला घेतली. माझ्या आईनं त्या परडीतली भाकरी खाल्लीय.

यल्लम्माचं नाव काढलं म्हणून अजून एक. देवीला जोगतीण म्हणून सोडलेल्या पोरी कुणाच्या घरच्या असायच्या? १९२० सालीच शाहू महाराजांनी करवीर संस्थानात जोगत्या-मुरळ्या सोडायच्या प्रथेविरुद्ध कायदा केला, तरी त्यानंतर किती वर्षं सीमाभागात हे चालू राहिलं. यल्लम्माच्या सौंदत्तीला मार्गशीर्षात आपल्याकडनं एस.टी. भरून जातात, त्यात सगळ्या थरातले लोक असतात. मोठ्या घरची बाई खणानारळानं ओटी भरून परत येते. पोरगी मागं राहायची ती आमच्यातली. देवी एकच, पण कुणाकडनं काय घ्यायचं हे तिच्या नावानं माणसांनी ठरवलेलं.

रात्रपाळी

निळी शाई यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी बावीस वर्षं नर्स आहे, त्यातली बरीच सरकारीत गेली, आता खासगीत आहे. जटेबद्दल लिहिते.

ओपीडीत एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आली होती, मानेला सूज. केसांत जट, मनगटाएवढी. आई हात लावू देईना. यल्लम्मानं मागितलीय, कापली तर घरात मरण येईल. आतनं उवा, जखमा, वास. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या ताई तीन वेळा घरी जाऊन बसल्या, तेव्हा कुठं आई तयार झाली. कापली तेव्हा मुलीनं मान दोन्हीकडं वळवून बघितली आणि म्हणाली, हलकं लागतंय.

त्याच वर्षी चांगल्या बंगल्यातली एक मुलगी होती. टायफॉइडनं दोन महिने अंथरुणाला खिळली होती, केसांचा तसाच गुंता. आईनं पार्लरवालीला घरी बोलावलं, तेल लावून तासभर सोडवला. कुणाच्या मनात देवी आलीच नाही. केस तेच, गुंता तोच. एकीकडं शांपू परवडत होता आणि विचारायला डॉक्टर होता. दुसरीकडं विचारायला जोगती होती.

पण याचा अर्थ पैसेवाले अंधश्रद्ध नसतात असा नाही. आयसीयूत उशीखाली काय सापडतं ते आम्हालाच माहीत. कागदाच्या पुडीत आदमापूरच्या बाळूमामांचा भंडारा, जोतिबाचा गुलाल, दर्ग्याचा दोरा, वाडीचा अंगारा. एकदा एकाच उशीखाली चारही मिळाले. चादर बदलताना मी ते काढते आणि परत ठेवते. बाळूमामा हयातभर मेंढरांमागं फिरले, आज अमावस्येला आदमापूरला ज्या गाड्या उभ्या असतात त्या बघा. फरक असा की गरिबाचा नातेवाईक ती पुडी माझ्या हातात देऊन म्हणतो, सिस्टर, तेवढी ठेवा, तुमच्या पाया पडतो. पैसेवाला बाहेर उभा राहून फोनवर कुठल्यातरी क्षेत्रात महामृत्युंजयाचा जप लावतो, अकरा भटजी, सव्वा लाख जप. एक स्वतः अनवाणी जायचं बोलतो, दुसरा दुसऱ्याकडनं करवून घेतो. नवस दोघांचाही असतो. फेडायची रीत वेगळी: एकाकडं अंग आहे, दुसऱ्याकडं पैसा.

आणि रात्री तीन वाजता बाकड्यावर दोघं सारखेच दिसतात. हे मी फार वेळा बघितलंय.

लाल_माती

मी लिहिणाऱ्यातला नाही, पण ताईंचं एक वाक्य डोक्यातनं जाईना. "मागायला गल्ली बरोबर असायची."

आमच्या तालमीत मारुती आहे. मेहनत झाली की सगळे त्याच्यासमोर. हौद्यात उतरल्यावर कोण कुणाचा पोरगा हे राहत नाही, माती सगळ्यांना लागते. मोहरमला तालमीत पंजे बसतात, ते बसवणारे निम्मे हिंदू. २०१९ ला गणपती आणि मोहरम एकत्र आले तेव्हा बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजा शेजारी शेजारी होते, आख्खं कोल्हापूर बघायला आलं. तिथं वर्गणी देणारा हमाल होता आणि सराफही होता.

आमच्यातली बरीच पोरं पुढं गेली, पुण्या-मुंबईला गेली, इथंच कॉलनीत बंगले बांधले. बंगल्यात गेला की त्याचा गणपती घरात बसतो. आरतीला बोलावतो, नाही असं नाही. पण पूर्वी गणपती आमचा होता, आता आम्ही त्याच्या गणपतीला जातो. भक्तीत काय उणं झालं ते मला कळत नाही, एवढं मात्र कळतं. जोतिबाला चैत्रात सासनकाठी नाचवायची म्हणजे एकट्याचं काम नाही. तीस फुटांचा बांबू, चारी बाजूनं दोर ताणायला माणसं लागतात. कितीबी पैसा असू दे, काठी गावाची असते.

आडसाली

+१. आणि मान पाडळीच्या काठीचा पहिला, तो काय लिलावात मिळत नाही.

मेल्टशॉप

लाल_माती, हे मान्य. फौंड्रीत विश्वकर्मा पूजेला सगळे एका पंगतीत बसतो, तेव्हा मला जे वाटतं ते घरच्या सत्यनारायणात वाटत नाही. मी तो फरक कधी शब्दांत धरला नव्हता.

निळी शाई, तुमच्या आजीच्या परडीचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

विद्यानगर

मला एक विचारायचंय. दप्तरीकाका म्हणतात पैसा वाढला तसे आपण मागं गेलो. निळी शाई म्हणतात पैसा नसताना त्यांचे आजोबा पुढं गेले. मग श्रीनिवासांचं "वर सरकलं की वरच्यांची नक्कल" हे त्याच लोकांना लागू पडतं का ज्यांना वरच्या पायरीवर जागा मिळायची आशा आहे?

निळी_शाई

हो. ज्याला वाटतं आपल्याला एक दिवस आत घेतील, तो नक्कल करतो. ज्याला पक्कं कळलं की घेणार नाहीत, तो दुसरं घर बांधतो. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात धर्म सोडायचं सांगितलं आणि २१ वर्षांनी नागपूरला केलं. मधल्या काळात ते हेच तपासत होते असं मला वाटतं.

आता आमच्या पोरांकडंही पगार आलेत, आणि विहारातही कोण पुढच्या रांगेत बसतो हे मला दिसतं. तेही इथं लिहिलं पाहिजे, म्हणून लिहिलं.

जुना_दप्तरी

निळी शाई, तुमच्या आजोबांसारखा एखादा माणूस प्रत्येक घरात असता तर माझ्या आजोबांची वाट बुजली नसती. घागरताई, तुम्ही मधे काही लिहिलं नाहीत. कुणाचं बोलणं लागलं का?

घागर

नाही हो काका. सगळं वाचत होते. रात्रपाळीताईंचं वाचून रडले आणि निळी शाई यांचं वाचून गप्प बसले. टाक माळ्यावर ठेवणं ही माझ्या दृष्टीनं मोठी चूक, पण ज्यांना ते ठेवायचे की सोडायचे हे एवढी किंमत मोजून ठरवावं लागलं त्यांच्यापुढं ती किती लहान आहे हे कळलं.

काल डबा खाली काढला. आमचे हे म्हणाले, गुजरीत नेऊन नवीन ठसा मारून आणू, चांदीही थोडी वाढवू. मी घेऊन गेले. सोनारानं हातात घेतले, उलटेपालटे केले आणि म्हणाला, करून देतो, पण जुने आटवावे लागतील. मी तसेच परत आणले.

घरी आल्यावर चिंच भिजत घातली आणि सासूबाईंसमोर ताट ठेवलं. त्यांना आता मोतीबिंदूनं फारसं दिसत नाही. एकेक हातात घेऊन अंगठा फिरवत गेल्या. हा जोतिबा. ही आई. हा खंडोबा, कुत्र्याचा कान लागतोय बघ. हा भैरोबा. पाचवा घेतला, "हा वीर" म्हणाल्या, आणि त्याचं नाव सांगायला गेल्या तर आठवेना. बराच वेळ हातात धरून बसल्या. मलाही ठाऊक नाही, ह्यांनाही नाही. लग्नानंतर एकदा सांगितलं होतं त्यांनी, मी तेव्हा लिहून घ्यायला हवं होतं.

टाक देवघरात ठेवलेत, मार्बलच्या खालच्या पायरीवर. येत्या शुक्रवारी टेंबलाईला पेठेतल्या बायकांबरोबर घागर घेऊन जाणार आहे, जाऊबाईंना तसं कळवलंय. तेव्हा थोरल्या दिरांना वीराचं नाव विचारते. त्यांनाही आठवत नसेल तर कसब्यात ह्यांच्या एक चुलत आत्या आहेत, नव्वदीच्या. त्यांच्याकडं जाईन.